सुट्या बांगड्यांचा हात

रागिणीनं हात पुढं केलाच नाही. पर्समधून एक जुनी बांगडी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "या मापाच्या द्या, कुलसुमबी. घरीच भरीन."

झालं! बाया बांगड्या घरीच भरायला लागल्या, तर कुलसुमबीचं दुकान अमरावतीत असलं काय न् नसलं काय? नुसत्या बांगड्या कुठंही मिळतात. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड हळूच दाबायचं, तिला बोलण्यात गुंतवायचं आणि दुखू न देता बांगडी चढवायची, यासाठी बाया तिच्याकडं येत. कित्येक नवऱ्या तिच्या हातचा चुडा भरून मांडवात उभ्या राहिल्या. त्यातलीच एक रागिणी. आणि आता ऐन लग्नसराईत जी ती मापाची बांगडी घेऊन येत होती. पैसेसुद्धा काउंटरवर ठेवून मागं सरत होती.

कारण कुलसुमबीला ठाऊक होतं. तिच्या मनगटाजवळ फिकट चट्टा उठला होता. चिमटा काढला तरी कळेना. कुष्ठरोग निघाला. अमरावतीत दाखवलं असतं तर दवाखान्याच्या बाकड्यावरच चार गिऱ्हाइकं भेटली असती, म्हणून बाई गाडीत बसून अकोल्याला गेली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, धंदा खुशाल करा. चट्टा आता विरलाही होता. पण लोकांना हे कोण समजावणार? लोक रोगाचं नाव ऐकूनच अंग चोरतात.

मग ते नाव लोकांपर्यंत नेलं कोणी? वकार पोटचा पोरगा, पण त्यालाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता. अकोल्याला सोबत होती ती एकटी सून, रुबीना. घर का भेदी लंका ढाए, दुसरं काय!

एकदा मनात पाल चुकचुकली की चांगल्या माणसाचं पाणी पिणंही वाकडं दिसतं. ही फोन घेऊन मागच्या अंगणात काहून जाते? आपण आलो की बोलणं काहून तोडते? नांदगाव खंडेश्वरला माहेरी रोज एवढं सांगायला आहे तरी काय? काल तर कुलसुमबीनं पडद्याआड उभं राहून आपल्या कानांनी ऐकलं. रुबीना फोनवर दबक्या आवाजात म्हणत होती, "अम्मीले मालूम नाही पडलं पायजे. तुमी तेवढं लवकर करा."

कुलसुमबीचा भडका उडाला. "तुह्या तोंडाले कुलूप नाही. उद्या नांदगावची बस धर."

रुबीनानं एका शब्दानं सफाई दिली नाही. त्यावरून तर सासूची खात्रीच पटली. खरी असती तर बोलली नसती का? आता आतल्या दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती. वकार आला की तो तिला स्टँडवर सोडणार होता.

कुलसुमबीनं बांगड्या कागदात बांधल्या, पण पुडा हातातून सुटेना. "रागिणी, तुह्या लग्नाचा चुडा म्या भरला. खरं सांग. माह्या सुनेनं काय सांगितलं तुले?"

"सुनेनं?" रागिणी गोंधळली. "ते कायले सांगन? तुमचा फोटो आला ना आमच्या ग्रुपवर."

तिनं फोन पुढं धरला. अकोल्याच्या त्याच दवाखान्याची जाहिरात होती. शेजारी शेजारी दोन हात, एक उपचाराआधीचा, एक नंतरचा. खाली लिहिलेलं, 'कुष्ठरोग बरा होतो, लवकर दाखवा.' रागिणीनं ते वाचूनही दाखवलं. हे फोटो डॉक्टरनं 'रेकॉर्डसाठी' म्हणून काढले होते. जाहिरातीचं विचारलं नव्हतं.

"यात माहं नाव कुठं हाय? तोंड कुठं हाय?"

"नाव कायले पायजे, बी? बांगड्या पाहा की."

डझनातल्या फुटून एखादी सुटी उरली, की कुलसुमबी ती फेकत नसे. बरकत जाते म्हणे! ती आपल्याच हातात चढवायची. एक शेंदरी, एक मोरपिशी, एक काळी, जोडी कशालाच नाही. असा हात अख्ख्या अमरावतीत एकच होता. फोटो काढताना तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या होत्या, तेवढंच. रागिणीनं फोटोवर बोट ठेवलं. "हे शेंदरी माह्या चुड्यातली. म्या नाही ओळखनार?"

कुलसुमबीनं मागं वळून पाहिलं. पडद्याशी रुबीना उभी होती.

"तुले मालूम होतं?"

"हो, अम्मी. दवाखान्यातच फोन करून राहिली होती, फोटो हटवा म्हनून. ते म्हने नाव नाही, चेहरा नाही, मंग तकलीफ काय? काल हटवला त्यायनं. पर लोकायच्या फोनातून कसा निघन?"

"मंग मले काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं तुमी बांगड्या उतरवल्या असत्या."

खरंच, कुलसुमबीचं बोट शेंदरी बांगडीखाली गेलंही होतं. डोळ्यांतलं पाणी आवरेना. सोन्यासारख्या पोरीला आपण घराबाहेर काढायला निघालो होतो, याची लाज वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ती बांगडी उतरवली, मग मोरपिशी उतरवली. तिसरीला हात घालणार, तोच रुबीनानं दोन्ही उचलल्या आणि शेंदरी स्वतःच्या हातात सारू लागली.

"अर्ध्या मले द्या. मंग ओळखू द्या कोनता हात कोनाचा."

काउंटरवरचा पुडा उचलून रागिणी तशीच उभी होती. बांगडी रुबीनाच्या अंगठ्यापाशी अडली.

"अशी नाही चढवत, फुटन ना," कुलसुमबी म्हणाली. "आन इकडे."

तिनं सुनेचा हात हातात घेतला. कित्येक दिवसांत तिच्या हाती दुसऱ्या बाईचा हात आला नव्हता. अंगठ्याखालचं हाड तिनं हळूच दाबलं.