जोडीदाराची हाक

ओरेस्ट पालचुक आणि मी बर्फावरच्या हॉकीत नऊ मोसम बचावाला जोडीनं खेळलो. कोपऱ्यातली चकती काढायला जो जातो त्याची पाठ सगळ्या मैदानाकडे असते आणि अंगावर कोण धावून येतंय हे त्याला दिसत नाही, ते जोडीदारानं बघायचं आणि वेळेवर "मागे!" म्हणून ओरडायचं. ओरेस्टनं कधी मान वळवून खात्री केली नाही. मी ओरडलो नाही म्हणजे मागे कोणी नाही, इतका त्याचा भरवसा. त्या भरवशाला मी जागलो तो असा, की पुढच्या मोसमाला संघात आमच्यापैकी एकालाच ठेवणार हे कानावर आलं आणि तिसऱ्याच दिवशी सामन्यात मी एकदा गप्प राहिलो. त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. मी आणखी सहा वर्षं खेळलो. तो गावी परतला आणि तिथल्या रिंकचा बर्फ सारखा करणारं यंत्र चालवू लागला. प्रेक्षकांच्या गोंगाटात लिंडीची, म्हणजे माझी, हाक ऐकू आली नाही, असं तो सगळ्यांना सांगे, आणि मी निर्लज्जासारखा ते ऐकून घेई.

तीस वर्षांनी, नोव्हेंबरात, त्याचा फोन आला. माझे आभार मानायला. तो दुकानासमोर उभा असताना मी मागून ओरडलो, तो बाजूला झाला, आणि छपरावरचा बर्फाचा ढीग नेमका त्या जागी कोसळला म्हणे. मी तेव्हा चारशे किलोमीटरवर, रेजायना शहरात घरी दाढी करत होतो. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. दहा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी घसरत आलेला ट्रक. नाताळच्या आधी आणखी एकदा. आवाज तुझाच, जरा बसलेला, असं तो म्हणाला तेव्हा मात्र मी खुर्चीवर बसलो. मी एकटा राहतो, बोलायला घरात कोणी नाही. तरी त्या तिन्ही दिवशी माझा घसा बसला होता, पूर्वी सामन्यानंतर बसायचा तसा.

फेब्रुवारीत मला राहवेना. गाडी काढून गेलो. ओरेस्ट गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसला होता, आसपास चिटपाखरूही नव्हतं. वाटेत जुळवलेली वाक्यं मी विसरून गेलो.

"पाल्ची, त्या दिवशी तुझ्यावर धावून येणारा मला दिसला होता. मी ओरडलो नाही."

त्यानं गळाची दोरी गुंडाळायला घेतली.

"माहीत आहे. नऊ वर्षं ऐकलेला आवाज मला गोंगाटात सापडला नसता होय?"

"मग आता हाका मारतो तो कोण?"

"ते तुला ठाऊक. पण चुकत नाही हं तो."

मला रडू आलं. माफ केलंस का, एवढंच मी विचारलं.

"तू हो पुढे," तो म्हणाला, "घरी जाऊन कॉफी घेऊ."

मी काठाकडे चालू लागलो. वारा पडला होता आणि माझ्या मागे बर्फावर पावलं वाजत होती, दोघांची. एकाची, ओरेस्टची, संथ. दुसऱ्याची जलद झाली, मग धावू लागली. ओरेस्टला तिथून सगळं दिसत होतं. मी मान वळवली नाही. तो हाक देईल म्हणून चालत राहिलो.