वॉर्डातली शेवटची हाक

हॉल गच्च भरला होता. महाराजांनी मिटल्या डोळ्यांनी बोट उचललं. "मागं खांबापाशी कुलूपवाला बसलाय. ऊठ बाळा. तुझी बायको आलीय."

साठी उलटलेलं बाळ उठलं. म्हणजे मीच.

"छातीत दुखून गेली ना रे? वॉर्डातल्या खाटेवरून तुलाच हाका मारत होती. म्हणते, खोली मठाला द्या. मी तिथं रोज बोलेन."

लोकांनी जयजयकार केला. मी हमसून रडलो. दिवसभर लोकांची कुलपं उघडायची, संध्याकाळी आपलं उघडायचं, तर आत कोण? भांडंसुद्धा वाजत नाही. उद्या खोलीच्या कागदावर सही करायची ठरवलं.

रात्री पुतणी आली. ती एकट्या माणसांचा अभ्यास करते. एकटं माणूस कसं मरतं, कुणाला कधी कळतं. त्यासाठी कचेऱ्यांत माहिती अधिकाराचे अर्ज टाकत असते.

"वॉर्ड म्हणाले? काकू तर रिक्षात गेली ना, तुमच्या मांडीवर?"

"असेल. देवमाणसाचीही होते चूक."

"काका, तीच चूक काकूच्या सरकारी मृत्यू-नोंदीत आहे. दवाखान्यात आणलं की कारकून सरसकट वॉर्ड लिहितो. माझ्या अभ्यासात अशा ढीगभर सापडल्यात."

"मग?"

"या नोंदी आणखी कोण मागतं, असाही अर्ज टाकला होता. महाराजांचा ड्रायव्हर, दर महिन्याला. मठात पहिल्यांदा गेलात तेव्हा नाव-पत्ता लिहून घेतला होता ना?"

घेतला होता. काय सांगू, राग पोरीचाच आला. बायकोचा आवाज माझ्यापासून दुसऱ्यांदा गेला.

दुसऱ्या दिवशी पुतणीला घेऊन मठाच्या हॉलमध्ये गेलो. सगळ्या लोकांसमोर कागद पुढं आला. मी पेन खाली ठेवलं. "महाराज, शेवटी ती काय म्हणाली?"

"तुझंच नाव, बाळा. वॉर्डात."

"ती वॉर्डापर्यंत पोचलीच नाही. रिक्षात म्हणाली, 'अहो, गॅस बंद केलात का?' ते कुठल्या कचेरीत लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही."

पुतणीनं कचेरीचं उत्तर मोठ्यानं वाचलं. ड्रायव्हर मागच्या दारानं सटकला.

मी लोकांकडं वळलो. "बाबांनो, तुमच्या मेलेल्या माणसाचा निरोप कुणी आणला, तर रडा खुशाल. पण आधी विचारा, तुला हे कुठून कळलं?"

घरी आलो. कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. गॅस बंद आहे का, तेवढं बघितलं.