फडक्यात गेलेला हायड्रोजन

मित्रांनो, पेन्सिलीत जे काळं शिसं असतं ना, त्याच ग्राफाइटची मी एक जुनी फरशी. तळहाताएवढी, कडेला टवका उडालेली. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत मेदुवड्याच्या आकाराचं भलंमोठं यंत्र होतं. त्याच्या पोटात सूर्यासारखी धग पेटवायचे आणि ती सोसायला आतून आम्ही फरशा. निशिमुने-सान (तिकडे 'सान' म्हणजे आपलं 'जी') नावाच्या कारागिरानं मला जागेवर बसवलं. प्रत्येक स्क्रूकडे बोट दाखवून तो मोठ्यानं म्हणायचा, "ठीक!"

पंधरा वर्षं मी भाजून निघाले. पाहुणे कौतुक करायचे. पण मला एक खोड होती. यंत्राचं इंधन म्हणजे जड हायड्रोजन. तो अंगावर आदळला की मी थोडा गिळायचे, तापले की थोडा परत सोडायचे, पण सगळा काही सुटायचा नाही. शिवाय आमचीच झिजलेली पूड हायड्रोजनला घेऊन माझ्या तोंडावर सायीसारखी बसायची. मग टोमणे सुरू झाले, या फरशांना भस्म्या झालाय म्हणून! वाईट वाटायचं हो.

यंत्र थकलं, बंद झालं आणि मी पेटीत पडले. पण ओनुमा कानाए या तरुण संशोधिकेनं माझा कुणाला विसर पडू दिला नाही. हरवलेलं इंधन त्या काळ्या सायीतच आहे, असं तिचं ठाम म्हणणं होतं. नव्या यंत्रात तर किरणोत्सारी हायड्रोजन घालायचा होता. तो भिंतीत साचला तर दुरुस्तीला आत जाणाऱ्यांच्या जिवाशीच गाठ. जानेवारीत मला भट्टीत तापवून ती सगळं मोजणार होती.

त्याआधी आली वर्षअखेरीची साफसफाई. संचालकांपासून सगळ्यांच्या हातात फडकी. मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या निशिमुने-साननं मायेनं माझी पेटी उघडली.

"मळक्या तोंडानं नव्या वर्षात जाऊ नये गं," तो पुटपुटला आणि स्पिरिटच्या फडक्यानं त्यानं मला लख्ख पुसलं. मी काय करणार? फरशीला ओरडता येत नाही.

जानेवारीत भट्टी तापली. अपेक्षेच्या दहाव्या भागाइतकाही हायड्रोजन निघाला नाही. बैठकीत विभागप्रमुखांनी कानाएची समजूत काढली की अंदाज चुकतात, मनाला लावून घेऊ नका. ग्राफाइटमध्ये हायड्रोजन साचत नाही, तर नव्या यंत्राची भिंतही ग्राफाइटचीच करू, असं ते म्हणाले. कानाएनं माझा जुना फोटो दाखवला. त्यात साय होती, आता नव्हती. ती कुठे गेली, हे तिला सांगता येईना.

मागे बसलेल्या निशिमुने-सानचा चेहरा उतरला. झाकली मूठ सव्वा लाखाची! तो मूग गिळून बसला असता तर त्याचं नाव राहिलं असतं आणि आमचं घराणंही. तो उठून बाहेर गेला. यंत्राला लागलेली चिंधीसुद्धा तिथे कचऱ्यात टाकत नाहीत, नाव-तारीख लिहून पिशवीत वेगळी ठेवतात. तो घेऊन आला त्या पिशवीवर नाव त्याचंच होतं. ती पुढे धरून तो कमरेत वाकला.

"ओनुमा-सान, तुमचा हायड्रोजन इथे आहे. मीच पुसला. चाळीस वर्षं पुसत आलोय, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही."

कानाएनं दोन्ही हातांनी पिशवी घेतली. "तुम्ही फेकलं नाहीत, हेच खूप आहे," ती म्हणाली.

फडकं जाळून मोजलं, तेव्हा हरवलेला बहुतेक सगळा हायड्रोजन त्यातून निघाला. नवी भिंत हायड्रोजन फारसा न गिळणाऱ्या टंगस्टन धातूची ठरली. आमच्या जातीला कायमची रजा मिळाली.

निवृत्तीच्या दिवशी निशिमुने-सान मला भेटायला आला. "हात लावू का?" त्यानं कानाएला विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हा कुठे त्यानं तळहात माझ्यावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हातमोज्याशिवाय.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपाल तर आमच्या मळासकट जपा. आणि चुकून पुसलंतच तर सांगून टाका. भिंतीत आम्ही नसलो तरी चालेल. आत गेलेली माणसं धडधाकट बाहेर यायला हवीत.