ठिपका पार्लरमध्येच आहे

ताईच्या पार्लरमध्ये आरशाखालच्या ड्रॉवरमध्ये कंगव्यांपेक्षा फोनच जास्त असत. दुपारी बायका यायच्या, फोन तिच्या हवाली करायच्या आणि मागच्या दाराने निघून जायच्या. घरच्यांना आपल्या फोनमधल्या नकाशावर ठिपका दिसायचा, तो सांगायचा एवढंच, की सूनबाई किंवा बायको पार्लरमध्ये सुखाने बसलेली आहे. कुणाचा फोन आलाच तर ताई मधाळ आवाजात सांगायची, "पॅक लावलाय हो, तोंड हलवलं की सुरकुत्या पडतात." कुठे जाता, हे मात्र तिने कुणालाच विचारलं नाही. ती काही संतमाणूस नव्हती, लोकांच्या भानगडी ऐकायला तिलाही आवडायचं. पण जे ठाऊकच नाही ते तोंडून निसटत नाही, एवढं शहाणपण तिला धंद्याने शिकवलं होतं.

शाळेत शिकवणाऱ्या बाई त्यातल्याच. आजवर त्यांनी एकदाही फेशियल केलं नव्हतं, आणि तरी नवरा म्हणे चेहरा उजळला म्हणून कौतुक करायचा.

त्या दुपारी तो नवराच दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू, जावई शोधावा तर असा. त्याने चपला बाहेर काढल्या आणि हातातला फोन ताईला दाखवला.

"ताई, ही अजून आत आहे का? फार वेळ झाला म्हणून आलो."

"आहेत ना, पडद्यामागे. पॅक वाळतोय."

"वाळू दे की. मी बसतो."

तो बसलाच. पडद्यामागे रिकामी खुर्ची आणि मागचं दार, दुसरं काही नव्हतं. बाई कुठल्याही क्षणी त्या दारातून येतील आणि पर्स खांद्याला, चेहऱ्याला उन्हाचा घाम, अशा त्याच्यासमोर उभ्या राहतील. त्यांना कळवावं तर कसं? त्यांचा फोन तर इथेच, ड्रॉवरमध्ये. इतकी वर्षं ज्या युक्तीवर ताई खूश होती, तीच आज गळ्याशी आली होती.

"तिला हाक तरी मारा," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "नुसता आवाज ऐकला की झालं. मला काळजी वाटते हो, बाकी काही नाही."

ताईची पाचावर धारण बसली. तेवढ्यात मागच्या दाराशी लाँड्रीवाल्याने हॉर्न वाजवला. तो रोज मळके टॉवेल न्यायला यायचा आणि स्कूटरवर गावभर गाठोडी गोळा करत हिंडायचा. कंगवा शोधण्याचं निमित्त करून ताईने ड्रॉवरमधून बाईंचा फोन उचलला, पडद्यामागे गेली आणि फोन टॉवेलांत गुंडाळून गाठोडं त्याच्या हाती दिलं.

ती बाहेर येऊन कात्री पुसत राहिली. थोड्याच वेळात नवरा ताडकन उठला.

"अहो, ही तर निघाली! चौकाच्या पुढे गेली!"

"अगबाई, मागच्या दाराने गेल्या वाटतं. मी टॉवेलांच्या गडबडीत होते, लक्षच नव्हतं माझं."

चपला पायात अडकवता अडकवता तो गाडीकडे धावला. ताईला हसू फुटलं.

बाई आल्या तेव्हा ताईने त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. त्या आधी पांढऱ्याफटक पडल्या. मग ताईने कधीच विचारलं नव्हतं ते आपणहून बोलल्या. "त्याने हात कधी उगारला नाही, ताई. पण भाजी घेताना दोन मिनिटं जास्त थांबले तरी का थांबले ते सांगावं लागतं. झोपेत कूस बदलली तरी हिशेब द्यावा लागेल असं वाटतं. मी खोली बघून ठेवलीय. परीक्षा झाल्या की लेकीला घेऊन जाणार होते."

"परीक्षा कसल्या बघताय? तो आता टॉवेलांच्या मागे गावभर फिरतोय. एवढा वेळ पुन्हा मिळायचा नाही."

"तिच्या दप्तरातही त्याने ते ठावठिकाणा दाखवणारं बटण टाकलंय."

"मग दप्तर वर्गात राहू द्या. पोरीला घ्या!"

बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "खोली कुठे आहे ते तुम्हाला सांगून ठे..." ताईने पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खरं तर तिला ऐकायचं होतं. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्या गेल्या.

संध्याकाळी नवरा परत आला. या वेळी चपला घालूनच. एका हातात बायकोचा फोन होता, त्याला टॉवेलाचा धागा चिकटलेला. दुसऱ्या हातात लेकीचं दप्तर. दोन्ही ठिपके त्याने बरोब्बर शोधून आणले होते.

"कुठे आहेत त्या दोघी?"

"मला माहीत नाही."

त्याला सांगितलेलं तिचं पहिलं खरं वाक्य ते, आणि नेमकं तेच त्याला पटलं नाही. "मी त्यांच्यावर जीव टाकतो हो," असं म्हणून तो लहान मुलासारखा रडला. ताईला त्याची कीवही आली आणि भीतीही वाटली. मग त्याने डोळे पुसले आणि ड्रॉवरकडे बघितलं. तो उघडाच राहिला होता, आणि आत आणखी दोघींचे फोन होते.

दुसऱ्या दिवसापासून तिथे फोन ठेवायला कुणी आलं नाही. तो मात्र रोज यायचा. समोरच्या फुटपाथवर उभा राहून ताई पार्लर केव्हा उघडते, कुणाशी बोलते, कुठल्या रस्त्याने घरी जाते, ते बघायचा. फोन वाजला की तिच्या चेहऱ्याकडे टक लावायचा. भाजी घेताना ताई पटकन दोन जुड्या उचलून चालू लागायची, आणि आपण घाई का करतोय हे लक्षात आलं की तिला बाईंची फार आठवण यायची.

पोरगी नव्या शाळेत रुळली का, खोलीत पाणी येतं का, हे जाणून घ्यायला तिचा जीव तुटायचा. आणि फोनची घंटा वाजली की ती मनातल्या मनात बाईंना विनवायची, तुमचा नसू दे. पत्ता नको, खुशालीसुद्धा नको, मला काही म्हणजे काही कळवू नका.