सरूबाईंच्या हृदयाची दहा चित्रं

मित्रांनो, मला पाहिलंत की तुम्हाला आधी खायचीच आठवण होईल. मीरा रोडच्या आमच्या सेंटरमध्ये आईबापांबरोबर आलेली पोरं मला सरळ मेदूवडा म्हणायची. गोल, जाडजूड आणि मधे भोक. राग यायचा मला, पण करणार काय, दिसतोच मी तसा. मी सीटी स्कॅनर आहे. जुना आहे, पण भंगार नाही. तेवढा फरक ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला. दोन हजार सात साली भल्यामोठ्या पेटाऱ्यात बसून जहाजाने आलो आणि ट्रकवर चढून मीरा रोडला पोचलो. तिथे वेगळीच गंमत. मालकांनी माझ्यासाठी खोली मोजून घेतली होती, दार मोजायचं राहिलं होतं! शेवटी भिंत फोडून मला आत घेतलं. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. नवऱ्यामुलालाही लोक एवढं निरखून बघत नाहीत. तेव्हापासून जो तोरा माझ्या अंगात शिरला, तो अजून उतरलेला नाही.

आणि का उतरावा? मुतखडे शोधले, डोक्याला लागलेला मार शोधला, पण माझी खरी मिजास होती ती हृदयाच्या कामाची. हृदय एक क्षण गप्प बसत नाही. त्याचं चित्र काढणं म्हणजे उड्या मारणाऱ्या पोराचा पासपोर्ट फोटो काढण्यासारखं. मी मात्र एका ठोक्याची दहा चित्रं काढून द्यायचो. त्यातलं हृदय सगळ्यात स्थिर असतानाचं एकच चित्र आमच्या डॉक्टर मृणालिनी मॅडम बघायच्या, कारण रक्तवाहिन्यांतला अडथळा त्यातच स्वच्छ दिसतो. उरलेली नऊ संध्याकाळी पुसून टाकायचे. जागा पुरायची नाही, म्हणून रीतच तशी पडली होती. वाईट वाटायचं मला. मेहनत दहांची आणि कौतुक एकाचं.

मला चालवायची ती नीलम. रत्नागिरीकडची, कामाला वाघ. मी कारखान्यातून इंग्रजी बोलत आलो होतो. आमच्याकडे येणाऱ्या माणसांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. मग नीलमने तिच्या आवाजात मराठी, हिंदी आणि गुजराती सूचना माझ्यात भरल्या. ‘श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा.’ म्हणजे आवाज माझा, पण मुळात तिचा.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात खारी गावातून सरूबाई आल्या. साठीच्या बाई, सुकी मासळी विकायच्या. बरोबर त्यांचा मुलगा दिपेश होता. तो स्टेशन ते इंद्रलोक शेअर रिक्षा चालवायचा आणि धंद्याचा दिवस बुडाला म्हणून वैतागला होता. वर्षभर सरूबाईंना दम लागत होता. डोक्यावर पाटी घेतली की बाजारापर्यंत दोनदा बसावं लागे. एक डॉक्टर म्हणाले गॅस आहे, दुसरे म्हणाले वय झालं, तिसरे म्हणाले मनाचं आहे. हृदयाची सोनोग्राफी झाली, तर पंपिंग उत्तम आहे असं लिहून आलं. झालं! घरात सगळे म्हणू लागले, म्हातारीला काम नको, म्हणून ही नाटकं. दिपेशही तेच म्हणायचा. सुई टोचून घेताघेता बाईंनी हे सगळं नीलमला सांगून टाकलं. त्यांनाच आता वाटायला लागलं होतं की आपण खरंच ढोंग करतो की काय.

माझ्याकडे येताना अंगावर धातू चालत नाही. सरूबाई मंगळसूत्र काढायला तयार होईनात. नवरा जिवंत असताना गळा मोकळा कसा ठेवायचा? नीलमने वाद घातला नाही. मंगळसूत्र गळ्यातून काढलं तसं तिथल्या तिथे त्यांच्याच मनगटाला बांधलं, कारण हात डोक्यामागे गेले की ते माझ्या चित्रात येत नाही. मग ठोके संथ करायची गोळी दिली होती तिचा असर झाला का ते पाहिलं, आणि आधीच सांगून ठेवलं की सुईतून औषध आत गेलं की अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण झालेली नसते, घाबरायचं नाही. सरूबाईंना हसू फुटलं. हसता हसता त्या थांबल्या आणि नीलमचा हात धरून म्हणाल्या, “पोरी, समदे मना खोटी म्हनतान. तुजा ह्यो मशीन पन मना खोटीच म्हनंल काय?”

नीलमने त्यांचे हात अलगद डोक्यामागे नेऊन ठेवले. मला मात्र ते लागलं. मी कुणाला खोटं म्हणणारा कोण?

बाईंनी श्वास असा रोखला की ज्याचं नाव ते. दहाच्या दहा चित्रं अशी सुरेख आली की माझी मलाच दृष्ट लागावी. मृणालिनी मॅडमनी नेहमीचं एक चित्र पाहिलं. रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या, कुठे अडथळा नाही. दिपेशला सांगितलं, काळजीचं काही नाही, रिपोर्ट उद्या सकाळी घेऊन जा. बाहेरच्या बाकावर तो आईला म्हणाला, “बघितलंस? काय नाय तुला.” सरूबाईंनी मनगटावरचं मंगळसूत्र सोडलं, गळ्यात घातलं आणि मुकाट्याने निघाल्या.

संध्याकाळी नीलम पुसायला बसली. सरूबाईंचं नाव आलं. पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचं ना? मित्रांनो, आयुष्यात एकदाच मला मनापासून ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडचा आवाज तिचाच, आणि त्याला श्वास घ्या, रोखा, सोडा याच्यापलीकडे काही येत नव्हतं. नीलमचं बोट तिथेच थांबलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने दहाही चित्रं एकामागोमाग एक फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली.

आता नीट ऐका. हृदयाला कामं दोन. आवळायचं आणि सैल व्हायचं. आवळलं की रक्त बाहेर जातं, सैल झालं की आत येतं. पिळलेला स्पंज सोडला की कसा लगेच पाणी ओढतो, तसं निरोगी हृदय सैल होताच भराभर भरतं. सरूबाईंचं हृदय आवळत होतं झकास, पण सैल होताना अडत होतं. कितीतरी वेळ रिकामंच राहायचं आणि शेवटी वरच्या कप्प्याने ढकललं की कसंबसं भरायचं. तो बिचारा वरचा कप्पा ढकलून ढकलून फुगला होता. सगळ्यांनी आवळणं मोजलं होतं, सैल होणं कुणी पाहिलंच नव्हतं.

मॅडम पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. नीलमने चाचरत सांगितलं, एकदा बघता का? मॅडमनी पाहिलं आणि पर्स खाली ठेवली. दहाही चित्रांत खालच्या कप्प्याची कड हाताने आखली, प्रत्येक वेळी किती रक्त मावतं ते काढलं आणि एका पाकिटाच्या पाठीवर आलेख काढला. दीड तास लागला. मग हळूच म्हणाल्या, “मी नुसत्या नळ्या बघितल्या गं. बाई जे सांगत होती, ते बघितलंच नाही.”

सकाळी दिपेश आला. मॅडमनी त्याला आत बोलावून सांगितलं की माझा कालचा निरोप अपुरा होता. रक्तवाहिन्या चांगल्या आहेत, पण हृदय सैल व्हायला अडतंय असं दिसतं. एवढ्यावरून मी शिक्का मारत नाही, हृदयाच्या डॉक्टरांकडून नेमकी हीच तपासणी करून घ्या. आणि मग म्हणाल्या, “तुमच्या आईचा दम खरा आहे.”

दिपेश हातातली रिक्षाची किल्ली फिरवत होता, ती फिरायची थांबली. रिपोर्ट इंग्रजीत होता. तो म्हणाला, “मॅडम, हे शेवटचं बोललात ते मराठीत लिहून द्याल? घरी सगळ्यांसमोर वाचायचंय.”

मॅडमनी लिहून दिलं, खाली सही केली, शिक्काही मारला.

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, संशय खरा निघाला. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला होता, कुणी मोजलाच नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं. सुकी मासळी विकणाऱ्या बाईला मीठ कमी करा म्हणजे शिक्षाच की! पण त्यांनी केलं. आणि आमच्या सेंटरमध्ये दहाही चित्रं फिरवून पाहिल्याशिवाय पुसायची नाहीत, असा नवा नियम झाला. तो नियम माझ्यामुळे झाला, असं मी सगळ्यांना सांगतो. नीलमने नाही म्हटलेलं नाही.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी सरूबाई झेंडूचा हार घेऊन आल्या. पाटी आता दिपेशच्या रिक्षातून बाजारात जाते, असं मिरवत सांगितलं. माझ्यापुढे नारळ फोडायला निघाल्या होत्या, नीलमने दारातच थांबवलं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. मग त्यांनी कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तो कागद होता, घड्या पडून पडून मऊ झालेला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी बोट ठेवून त्यांनी तो मला अक्षर न चुकता म्हणून दाखवला.

आज मी स्कॅनर चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत आहे. नीलम तिथे मुलांना शिकवते. माझ्या गोलमटोल अंगावर धूळ बसते, कुणी पुसतं, कुणी विसरतं. चालायचंच. तुम्ही मला पुसा, पण माझ्यातलं काही पुसायच्या आधी एकदा बघा. उगाच हौस म्हणून माझ्यात शिरू नका, माझे किरण काही खेळणं नव्हे. आणि घरात कुणी दम लागतो म्हणालं, तर यंत्राची वाट बघू नका. सरूबाईंना तीन शब्दांसाठी वर्षभर थांबावं लागलं. ते त्यांच्या घरात कुणीही म्हणू शकलं असतं, फुकट आणि पहिल्याच दिवशी: दम खरा आहे.