सहाव्या इंचावरची पूर्वा

मित्रांनो, तुमच्या दप्तरात जी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या घराण्यातली मी सगळ्यात थोरली. मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. माझा रंग आता उकळलेल्या चहासारखा झाला आहे, तीनच्या आकड्याचं पोट झिजलं आहे आणि एका कोपऱ्याला उंदराने दात लावून बघितले आहेत. तरी मी अजून सरळ आहे. पुण्यात इतकी वर्षं काढून सरळ राहणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

कसबा पेठेतल्या एका सुताराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. सागवानाच्या फळीतून आधी कुणाचं कपाट झालं, कुणाचा दरवाजा झाला आणि जे उरलं त्यातून आम्ही पट्ट्या झालो. मला घासलं, पॉलिश केलं, कडेला पितळेची बारीक पट्टी बसवली आणि तापलेल्या ठशांनी अंगावर आकडे उमटवले. चटका बसला खरा, पण आकड्यांशिवाय मी नुसती काठीच राहिले असते.

बुधवार पेठेतल्या एका दुकानात मला कमरजहांबाईंनी विकत घेतलं. त्या तेव्हा शाळेत नव्याने गणित शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी दोन पट्ट्या एकमेकींना टेकवून उजेडाकडे धरल्या आणि मधून फट दिसते का ते बघितलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, पट्टी घेताय की सून बघताय?"

"सून वाकडी निघाली तर सांभाळून घेता येते," बाई म्हणाल्या. "पट्टी वाकडी निघाली की सगळी भूमितीच वाकडी."

तेव्हापासून मी बाईंची झाले. मी समास आखले, त्रिकोण काढले, आलेखांचे अक्ष काढले. बाईंनी मला कधी कुणाच्या हातावर उगारलं नाही. त्यांची जीभ त्या कामाला पुरेशी होती.

पण मित्रांनो, माझी खरी कमाई शाळेतली नव्हे. दहावीचा निकाल लागला की बाईंच्या घरी मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची रांग लागायची. अकरावीला कुठल्या कॉलेजांची नावं भरायची, हे ठरवायला सगळे त्यांच्याकडे येत. मग बाई टेबल पुसायच्या आणि मला मधोमध उभं ठेवायच्या. उभं म्हणजे टेबलावर निजवूनच, पण शून्य तुमच्याकडे म्हणजे खाली आणि बारा पलीकडे म्हणजे वर. त्यांची रीत अशी होती: सहाच्या खुणेवर मुलाचे स्वतःचे गुण. एक इंच म्हणजे एक टक्का. मग प्रत्येक कॉलेजाची एक चिठ्ठी करायची आणि गेल्या वर्षी त्या कॉलेजाचा प्रवेश जितक्या टक्क्यांवर थांबला असेल, तिथे ती माझ्याशेजारी ठेवायची. काही चिठ्ठ्या सहाच्या वर, काही अगदी शेजारी, काही खाली. तिन्ही ठिकाणी नावं असली तरच ती यादी. नाहीतर बाई म्हणायच्या, "याला यादी म्हणत नाहीत, याला नवस म्हणतात."

आणखी एक अट असायची. चिठ्ठीवर नाव लिहिण्याआधी ते कॉलेज एकदा जाऊन बघायचं. बसने जायचं, कारण पुढे दोन वर्षं बसनेच जायचं असतं. किती मुलांनी माझ्याकडे बघत आपला रस्ता ठरवला! निकालानंतर पेढे घेऊन आलेली मुलं मला बोट लावून बघायची. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा, हे लपवून काय उपयोग?

पुढे बाई निवृत्त झाल्या. प्रवेशाचं सगळं ऑनलाइन झालं. गुण टाकले की कॉलेजांची नावं दाखवणारी ॲप्स आली. रांग आटली. बाईंच्या मुलाने, आफताबने, घराला रंग दिला तेव्हा मी रंगाच्या डब्यांची झाकणं उघडली. नंतर खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मला फटीत खोचलं. कपाटामागे गेलेल्या वस्तू ओढून काढायला मी होतेच. मित्रांनो, निरुपयोगी होण्याचं दुःख असतंच, पण भलत्याच कामाला उपयोगी पडण्याचं दुःख त्याहून जास्त असतं.

अशीच मी खिडकीत अडकलेली असताना एका दुपारी तिघं जण बाईंकडे आले. राधा ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिची यादीही माझ्याच शेजारी बसून झाली होती. तिच्याबरोबर तिचा नवरा उत्तरेश्वर होता. बुधवार पेठेत त्याचं स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आणि मागे त्यांची मुलगी पूर्वा, खाली मान घालून. तिला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले होते. खरं तर आनंदाने मिरवायचे गुण, पण ती चोरी करून आल्यासारखी उभी होती.

"बाई, प्रवेशाच्या दोन फेऱ्या झाल्या," राधा म्हणाली. "हिला कुठेच नंबर लागला नाही. आता एकच नियमित फेरी उरलीय. त्यातही नाही लागला, तर जे शिल्लक असेल ते. आणि ही आता म्हणते, मला सायन्सच नको."

"काय काय भरलं होतं?" बाईंनी विचारलं.

उत्तरेश्वरने तीन नावं सांगितली. तिन्ही पुण्यातली नामांकित कॉलेजं.

"दहा नावं भरता येतात. तुम्ही तीन भरलीत?"

"चांगली तेवढीच आहेत ना, बाई."

"आणि दुसऱ्या फेरीत?"

"तीच. म्हटलं, कटऑफ खाली येईल."

"शहाण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर? आठ टक्के? अहो, कटऑफ म्हणजे काय कांद्याचा भाव आहे?"

बाई उठल्या, मला खिडकीतून सोडवलं आणि पदराने पुसलं. किती दिवसांनी माझ्या अंगाला तो हात लागला! खिडकी धाडकन आपटली, पण कुणी तिकडे बघितलं नाही.

बाईंनी मला टेबलावर उभं ठेवलं. पूर्वाला सहाच्या खुणेवर बोट ठेवायला सांगितलं. मग उत्तरेश्वरच्या हातात त्याच्या तीन नावांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाल्या, "ठेवा जागेवर."

तो ठेवायला गेला. पहिल्या कॉलेजाचा प्रवेश शहाण्णव टक्क्यांवर थांबला होता, म्हणजे सहाच्या वर आठ इंच. मी तर सहाच्या वर सहाच इंच. त्याची चिठ्ठी माझ्या डोक्यावरून पुढे साखरेच्या बरणीपाशी गेली. बाकीच्या दोन तिच्याच आसपास बसल्या. माझ्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत एकही चिठ्ठी नव्हती.

"तुमची मुलगी इथे उभी आहे," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिच्यासाठी दारं तिकडे शोधताय."

उत्तरेश्वरने बरणीपासून सहाच्या खुणेपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "त्या पहिल्या कॉलेजात दर वर्षी गॅदरिंगचे स्पीकर मी लावतो, बाई. मागच्या दाराने सामान आत नेतो, मागच्या दाराने बाहेर आणतो. माझी मुलगी पुढच्या दाराने जाईल, एवढंच मनात होतं. खालचं नाव लिहायला हातच होईना. तिला मीच खाली ढकलतोय असं वाटायचं."

तेव्हा पूर्वा पहिल्यांदा बोलली. तिचं बोट अजून सहावर होतं. "बाबा, मी खाली नाहीये. मी इथे आहे."

तिने बोट आणखी घट्ट दाबलं. माझ्या लाकडाला ते कळलं.

मग काम सुरू झालं. बाईंनी कटऑफ शोधले, पूर्वाने चिठ्ठ्या लिहिल्या आणि राधाने त्या लावल्या. अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, तरी बाईंनी अट सोडली नाही. सकाळी मायलेकी बसने निघाल्या आणि जमतील तेवढी कॉलेजं बघून दुपारी परत आल्या. पूर्वा दारातूनच बोलत आली. कर्वेनगरच्या एका कॉलेजात अकरावीपासून इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेता येतो, आणि तिथल्या प्रयोगशाळेत मुलं स्वतः सोल्डरिंग करतात. सुट्टीत वडिलांच्या दुकानात बसून ती हेच तर शिकली होती! त्या कॉलेजाची चिठ्ठी माझ्यावर साडेसहापाशी बसली. म्हणजे पूर्वापेक्षा अर्धा इंच वर. मिळेल असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं, पण हात वर केला तर पोचेल असं वाटत होतं.

आता प्रश्न क्रम लावायचा होता. दोनदा तोंड भाजलेला उत्तरेश्वर आता ताकही फुंकून प्यायला लागला. माझ्या तळाशी, दोनाच्या आकड्यावर असलेली चिठ्ठी त्याने उचलली. "हे एक नंबरला लिहू. हे नक्की मिळेल. मला आता जोखीम नको."

"एक नंबरचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, असा नियम आहे," बाई म्हणाल्या. "पुढची नावं मग कुणी वाचतसुद्धा नाही. कालपर्यंत आकाशात बघत होतात, आज एकदम खड्ड्यात? अहो, नक्की मिळणारं शेवटी ठेवायचं. हवं ते आधी."

"मग आधी काय?"

"ते मला का विचारता? कॉलेजात मी जाणार आहे का?"

पूर्वाने चिठ्ठ्यांकडे बघितलं. साखरेच्या बरणीपाशी वडिलांचं कॉलेज अजून होतंच. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. तिचा हात कर्वेनगरच्या चिठ्ठीवर गेला आणि तिथेच थांबला. राधाने तोंड उघडलं, पण बाईंनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

उत्तरेश्वरने मुलीचा तो थांबलेला हात बघितला. मग त्याने बरणीपाशी जाऊन आपली चिठ्ठी स्वतःच्या हाताने उचलली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "लिही, पूर्वा. एक नंबरला कर्वेनगर."

मित्रांनो, मी आयुष्यभर अंतरं मोजली. पण त्या बरणीपासून त्याच्या खिशापर्यंतचं अंतर मला मोजता आलं नाही.

पुढची नावं भराभर लागली. दोन जरा वरची, काही शेजारची आणि तळाला तीन खात्रीची. दहाही जागा भरल्या.

यादी जाहीर व्हायच्या दिवशी तिघंही सकाळीच बाईंकडे येऊन बसले. बाईंनी शीरखुर्मा केला होता. ईद नव्हती, तरी केला होता. कुणाचा चमचा वाटीपर्यंत जात नव्हता. मी टेबलावर होते आणि पूर्वा नकळत माझ्यावर बोटाने ठेका धरत होती. मेसेज राधाच्या मोबाईलवर आला. तिने तो पूर्वाकडे दिला. पूर्वाने वाचला, पुन्हा वाचला आणि मग मोबाईल वडिलांच्या हातात ठेवला.

पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं होतं.

राधा रडायला लागली. बाईंनी आधी चष्मा पुसला, मग डोळे. उत्तरेश्वरने मोबाईल पूर्वाला परत दिला. मग म्हणाला, "दोन फेऱ्या पोरीला वाटत राहिलं, आपण कमी पडलो. तू कमी नव्हतीस गं. मी तुझ्याकडे न बघताच यादी केली."

पूर्वाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, प्रवेशाला मूळ कागदपत्रं लागतात. दुकान आज बंद ठेवा आणि चला माझ्याबरोबर."

"आत येऊ मी?"

"मग काय बाहेर उभे राहणार?"

शीरखुर्मा तसाच टाकून दोघं निघाले. जिन्यावरून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. ती त्याला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची नावं सांगत होती आणि तो मध्येच एखादं दुरुस्त करून सांगत होता.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. पट्टीने डब्यांची झाकणं उघडू नका, आमच्या कडा जातात आणि मग रेघ बिघडते. ॲप खुशाल वापरा, माझा त्याच्यावर राग नाही. पण एखादा मोठा माणूस तुमच्या भविष्याची यादी करायला बसला, तर तो मोबाईलमध्ये डोकं घालण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. पूर्वासारखं बोट ठेवून सांगा, मी इथे आहे. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या पुढ्यात एखादं मूल मान खाली घालून उभं राहील, तेव्हा पट्टी नंतर काढा. आधी त्याची मान वर करा.