आठ वाजताची सही

श्रीपाद दातार स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ काढत होते. दुसऱ्या हातात फोन होता आणि त्यावरचे सेकंद ते मोठ्याने मोजत होते.

“बाबा, आधी खाली उतरा. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला नाही,” शिवांगी म्हणाली. “त्या घड्याळाला काय धाड भरलीय?”

“चाळीस सेकंद मागे आहे.”

“उंटरश्लाइसहाइममध्ये चाळीस सेकंदांनी कुणाचं काही अडत नाही.”

अडत नव्हतंच. पण सासरे पुण्याहून इथे जर्मनीत राहायला आल्यापासून, गेली तीन वर्षं, दर रविवारी घरातली सगळी घड्याळं मिळवली जात, अगदी ओव्हनचंसुद्धा. मुलाने, प्रणवने, या विषयावर बापाशी बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. शिवांगीने सोडलं नव्हतं. ती सून होती, तिला चेष्टेची मुभा होती.

आज मात्र तिच्या हातात कागद होते. हॅम्बुर्गच्या अर्काइव्हकडून स्कॅन आले होते, ते तिने ऑफिसातून छापून आणले होते. अर्जही तिनेच केला होता, तीन फॉर्म आणि एक व्होलमाख्ट, म्हणजे त्यांच्या वतीने अर्ज करायचं अधिकारपत्र, भरून.

गोष्ट तिला ठाऊक होती. १९७१च्या जानेवारीत बिस्केच्या उपसागरात एक छोटं जर्मन मालवाहू जहाज बुडालं. जवळून चाललेली मुंबईची वाफेवरची बोट मदतीला वळली. श्रीपाद तिच्यावर चौथे इंजिनिअर होते, चोवीस वर्षांचे, सकाळी आठ ते बाराच्या पाळीवर. तराफ्यावर सहा माणसं होती. पाच वर घेतली. सहावा, लोरेन्झ नावाचा आचारी, मागे ओढला गेला आणि बोटीच्या पंख्यात सापडला. इंजिनरूममधून यातलं काहीच दिसत नाही. खाली फक्त घंटा ऐकू येते. ब्रिजवरून हुकूम दाखवणाऱ्या टेलिग्राफचा काटा फिरतो, तेलवाला उलट टोला देऊन हुकूम ओरडतो, इंजिनिअर वाफेची झडप फिरवतो आणि वेळ लिहून ठेवतो.

त्या दिवशी ब्रिजच्या वहीत ‘स्टॉप’ दहा वाजून सहा मिनिटांनी होता. श्रीपादांच्या वहीत दहा वाजून दहा. संध्याकाळी कॅप्टनने विचारलं, चार मिनिटं पंखा का फिरत राहिला? टेलिग्राफपाशी तेलवाला कबीर परकार होता, हर्णैचा, अंगठेबहाद्दर. टोला लगेच दिला, असं तो सांगत राहिला. त्याला कामावरून काढून हॅम्बुर्गला उतरवलं. हा भाग श्रीपाद नेहमी घाईने उरकत.

लोरेन्झ मात्र त्यांच्या मनात राहिला. त्यांना वाटे, आपलाच हात झडपेवर थिजला असेल. चोपन्न वर्षं त्यांना हे ठरवता आलं नव्हतं. मरण्याआधी ते कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ते उतरले आणि घड्याळ मांडीवर घेऊन टेबलापाशी बसले.

“आल्झो, तर दोन्ही वह्यांच्या नकला आहेत,” शिवांगी म्हणाली. “आधी कुठली वाचू?”

“दोन्ही. ओळीला ओळ.”

“ब्रिज, नऊ एक्केचाळीस, हाफ. तुमच्याकडे नऊ पंचेचाळीस. ब्रिज, नऊ बावन्न, स्लो. तुमच्याकडे नऊ छप्पन्न. दहा सहा, स्टॉप. तुमच्याकडे दहा दहा.” ती थांबली. “बाबा, सगळीकडे चारच मिनिटांचा फरक आहे.”

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं. मग समासातला पेन्सिलचा जर्मन मजकूर लावायला तिला थोडा वेळ लागला. “‘इंजिनरूमचं घड्याळ चार मिनिटं पुढे. इंजिन वेळेवर बंद. दोष नाही.’ गेनाऊ, अगदी असंच लिहिलंय. तारीख मार्च एकाहत्तर.”

कुणीतरी हॅम्बुर्गात ही दोन पानं शेजारी-शेजारी ठेवली होती आणि पाच मिनिटांत निकाल लावला होता. चौकशी बुडालेल्या जहाजाची होती. मुंबईच्या बोटीवरच्या चौथ्या इंजिनिअरला ते कळवावं, हे कुणाला सुचणार? श्रीपादांना रडू आलं. शिवांगीने टिश्यू पुढे केला, डोळा चोळू नका म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. तिलाही फार बरं वाटलं होतं.

आधणाशी उभ्या उभ्या तिने शेवटचा कागद उलटला.

“हे मात्र कळलं नाही. आठ वाजताची नोंद आहे. ‘ब्रिजच्या घड्याळाशी मिळवलं, फरक नाही.’ खाली तुमची सही. तिच्यासमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय.” तिने वर पाहिलं. “फरक नव्हता, तर चार मिनिटं आली कुठून?”

श्रीपादांनी मांडीवरचं घड्याळ पालथं केलं.

“पाळी सुरू होताना ब्रिजला फोन करून घड्याळ मिळवायचं असतं,” ते म्हणाले. “रोज फरक नसायचाच. मी नुसती सही केली.”

“आणि कॅप्टनने विचारलं तेव्हा?”

“मिळवलं होतं म्हणालो. मग घड्याळ खरं ठरलं आणि कबीर खोटा.”

शिवांगीने गॅस बारीक केला. तुम्ही किती लहान होतात, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने म्हटलं नाही.

“घड्याळाचा संशय तुम्हाला आलाच असेल ना?”

“आला होता. बोललो असतो तर लायसन्स गेलं असतं. मग माझाच हात थिजला असेल, असं धरून चाललो. ते सोपं होतं.”

“कबीरचं पुढे काय झालं?”

“पुन्हा बोट मिळाली नाही, असं ऐकलं. मी चौकशी केली नाही.” त्यांनी टिश्यूची घडी घातली. “दोन मुली होत्या त्याला. हर्णैच्या मशिदीच्या जमातीचा पत्ता मिळतो का बघ.”

पत्ता शोधायला चहा होईपर्यंतचाच वेळ लागला. शिवांगीने कप त्यांच्यासमोर ठेवला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

“काय लिहू?”

“मी श्रीपाद दातार. त्या सकाळी मी घड्याळ मिळवलं नव्हतं. कबीर परकारने टोला वेळेवर दिला होता.”

तिने टाइप केलं. “पुढे?”

“पुढचं नंतर. हे छाप, सही करतो.”

ती उठली, तसं त्यांनी तिला थांबवलं.

“आधी एकदा वाचून दाखव.”